बदकपानाचा बाप

१

रोपांच्या पानांना बोटं फुटली आणि त्यापायी माझ्या भावाला तुरुंगात घालायची तयारी सुरू झाली. तुम्हाला वाटेल ही बाई सकाळीच स्वतःची जोआला ढोसून बसली. नाही हो! मी जोआला, म्हणजे ज्वारीची दारू, गाळते आणि विकते, पीत नाही. माझ्या दारावर पांढरं फडकं लागलं की अख्खं हा-लेत्लात्सा गाव येऊन बसतं आणि सगळ्या बातम्या माझ्या अंगणात सांडतात. म्हणून तर ही भानगड सांगायला माझ्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही. कळली मात्र मला सगळ्यांत शेवटी.

आमच्या गावात सोसायटी आहे. सरकारी परवान्याची, औषधी गांजाचं बियाणं तयार करणारी. गांजाचं पान तुम्ही पाहिलंच असेल, बोटं फाकवलेला पंजा. आमच्या न्याकालोच्या झाडांचं पान तसं नसतं. तिच्या पानांच्या बोटांमध्ये पडदा असतो, थेट बदकाचा पाय. तिच्या आजीनं हे वाण परसात जपलं होतं. तेव्हा गांजा चोरून लावावा लागायचा, आणि पोलीस म्हातारीच्या झाडाला खेटून जायचे तरी त्यांना ओळखू यायचं नाही. न्याकालो रोमाच्या विद्यापीठात शेतकी शिकून आली आणि तिनं त्या परसातल्या झाडांचं सोसायटीसाठी बियाणं केलं. राजधानीतल्या, मासेरूच्या एका कंपनीनं सगळं बियाणं घ्यायचं कबूल केलं. अट एकच, प्रत्येक रोप बदकपानाचं निघालं पाहिजे.

जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, बर्फ पडायला लागल्यावर, कंपनीचा माणूस तणतणत आला. त्यांनी नमुना पेरला होता. पहिलं पान सगळ्याच गांजाचं एकेरी असतं, त्यामुळे आधी काही कळलं नाही. पण पुढची पानं आली तशी कितीतरी रोपांना चक्क बोटं फुटली.

"हे तुमचं बियाणं नाही. कुणीतरी डबे बदललेत," तो म्हणाला. "चोर शोधा, नाहीतर करार विसरा."

डबे पॉलीहाऊसशेजारच्या खोलीत. खोलीची किल्ली राखणदाराकडे. राखणदार म्हणजे माझा धाकटा भाऊ, फाको.

संपलं! गावानं एका दुपारीत निकाल लावला. फाकोनं खरं बियाणं विकलं आणि डब्यात डोंगरातलं रानटी बी भरलं. मोरेना, म्हणजे आमचे गावप्रमुख लेत्लात्सा, यांनी शनिवारी खोत्ला बोलावला. त्यांच्या दारातल्या दगडी आवारात बसणारा न्यायनिवाडा तो. तिथे दोषी ठरला तर फाकोची जमीन जाणार आणि वर पोलिसांच्या हवाली होणार. आमच्या आईनं मरताना हा पोरगा माझ्या पदरात टाकला होता. त्याला बेड्या पडलेल्या बघायचा माझ्या अंगात जोर नव्हता.

"फाको," मी त्याला विचारलं, "खरं सांग. तू केलंस?"

"आउसी, ताई गं, मी त्या डब्यांना हातसुद्धा लावलेला नाही."

"मग बोटं कुठून आली?"

त्यानं खांदे उडवले. मी त्याच्या डोक्यात पळी घातली आणि मग रडत बसले.

२

गुरुवारी न्ताते मोखेले घोड्यावरून आले. न्ताते म्हणजे बाबा, वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही असंच म्हणतो. मीच निरोप धाडला होता. ते माझ्या मेलेल्या नवऱ्याचे मामा. आयुष्यभर पोलिसांत होते, पण खुनाबिनाचा तपास नाही, जनावरचोरीचा. कुठल्या खोऱ्यातली गाय कुठल्या डोंगरात नेऊन रंगवली, हे कान चाचपून सांगायचे. आता गुडघे गेलेत आणि दातही थोडेच उरलेत. घोड्यावरून उतरायलाच त्यांना इतका वेळ लागला की मी मधेच आत जाऊन चूल फुंकून आले.

"मामा, गुरं नाहीत हो, झाडं आहेत," मी म्हणाले.

"झाडांना आई-बाप असतात ना?"

"असतात म्हणे."

"मग झालं तर. मक्याचा पापा वाढ, मोरोहोची भाजी वाढ. उपाशीपोटी मला काही सुचत नाही."

जेवून ते न्याकालोकडे निघाले. मी मागोमाग. नको म्हणाले असते तरी गेलेच असते.

न्याकालोचे डोळे रडून सुजले होते. पण मला तिची कणव आली नाही. तीच तर पहिल्यांदा म्हणाली होती, किल्ली फाकोकडे असते म्हणून. माझ्या मनात आलं, बाई गं, हिनंच तर विकलं नसेल? चोराच्या उलट्या बोंबा!

"बाळ, मला पान समजावून सांग," मामा म्हणाले. "मी म्हातारा आहे, हळू सांग."

"न्ताते, बदकपान हा भिडस्त गुण आहे," ती म्हणाली. "आई आणि बाप दोघांनी दिला तरच पोरात दिसतो. एकानं जरी बोटांचं पान दिलं, तर बोटंच वर येतात आणि बदकपान आत दडून बसतं."

"मरत नाही?"

"मरत नाही. दडतं. असं दडलेलं दोघांत असेल आणि त्यांचा संकर केला, तर नातवंडांत पुन्हा निघतं. चारातल्या एखाद्यात."

"मग असा भित्रा गुण बियाण्याला कशाला निवडलास? एखादा दांडगा निवडायचा."

"भित्रा आहे म्हणूनच!" ती पहिल्यांदा ताठ बसली. "दांडगा गुण असता, तर परका बाप त्याच्याखाली लपला असता. याच्याखाली लपत नाही. बाहेरच्या नराच्या फुलातली कणभर भुकटी माझ्या माद्यांवर पडली, तर पोरांच्या पानावर बोटं उमटतात. लगेच कळतं. माझं पान म्हणजे माझी मोहोर आहे."

"मग बाहेरची भुकटीच आली असेल की!" मी मध्येच तोंड घातलं. "चोरी कशाला?"

"म्मे मालितबा, कशी येणार?" न्याकालो माझ्याकडे बघत म्हणाली. "पॉलीहाऊसला दुहेरी जाळी आहे. आतले नर सगळे बदकपानाचे. आणि कांबळं घालून कुणी आत जात नाही. लोकरीत भुकटी अडकते. सगळ्यांनी कांबळं बाहेरच्या खुंटीवर टांगायचं, पांढरा कोट घालायचा, मग आत. राखणदार कुणालाही सोडत नाही. तुमच्या भावानंच शपथ घेतली आहे तशी."

घ्या! म्हणजे भाऊ कामात चोख, म्हणूनच तो चोर. माझ्या डोक्याचा भुगा झाला.

"फुलं आली तेव्हा तू इथेच होतीस?" मामांनी विचारलं.

"फेब्रुवारीत? होते. मधे परवान्याच्या कामासाठी मासेरूला गेले होते, तेवढंच."

मामांनी मान हलवली आणि उठायला माझा हात मागितला. पायऱ्या उतरताना माझ्या कानात म्हणाले, "मालितबा, ही मुलगी खोटं बोलत नाही. आणि तुझा भाऊ खोटं बोलत नसेल, तर मग झाडं खोटं बोलतायत."

३

गावात बोटांच्या पानाचा गांजा उघड लावणारा माणूस एकच, न्ताते पोशोली. ओढ्यापलीकडे त्याचा तुकडा आहे, सोसायटीच्या पॉलीहाऊसच्या खिडक्यांसमोर. त्याचाही परवाना आहे, पण सोसायटीशी त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. न्याकालोनं त्याला एकदा तोंडावर सांगितलं होतं, तुमचे नर उपटा. ते त्याला झोंबलं होतं.

पोशोली गोवऱ्यांच्या शेकोटीपाशी बसला होता. आम्हाला बघून हसला. त्याचं हसणं मला कधीच आवडलं नाही.

"या, या. चोराची बहीण, आणि सोबत गुरांचा डॉक्टर!"

"जीभ आवर, पोशोली," मी म्हणाले. "आधी माझी खुर्ची दे."

"कसली खुर्ची?"

"पाठीची! गवतानं विणलेली. माझ्या घरात पाठीची खुर्ची ती एकच. बांधाचा निकाल लागला त्या दिवशी मी थाबांगला मयताला गेले होते. आले तर खुर्ची गायब. त्या दिवशी माझ्या अंगणात येऊन आरडाओरडा कुणी केला होता? तू!"

"आरडाओरडा केला, खुर्ची नाही नेली. खुर्चीत बसायला मी काय मोरेना आहे?"

मामांनी हात वर केला. "कसला बांध?"

पोशोलीनं थुंकून सांगितलं. शेजाऱ्याशी बांधाचा वाद होता. मोरेना स्वतः आले, सकाळभर बांध पायी फिरले. पार झाडांतून, कारण जुने दगड झाडांत होते. "आणि निकाल दिला शेजाऱ्याच्या बाजूनं. मी हरलो. म्हणून सगळ्यांना वाटतं, मी सोसायटीवर राग काढला. मोरेनाचा राग न्याकालोवर कशाला काढू? आणि माझं बी डब्यात भरायला मला कुणी आत सोडलं असतं? तुझ्या भावानं मला दारातून हाकललंय, कांबळं काढत नाही म्हटलं तर! पाद्रीबाबांनासुद्धा हाकललंय त्यानं."

"झाडांत तेव्हा नर होते?" मामांनी विचारलं.

"भरलेले होते. नुसतं चाललं की धूळ उडायची. का?"

"काही नाही. गुरांचा डॉक्टर आहे, नराची चौकशी करायची सवय."

परत येताना मी मामांचा पिच्छा पुरवला. "वारा! वाऱ्यानं ओढा ओलांडून भुकटी आली. हो ना? म्हणजे फाको सुटला!"

"वारा खिडकीतून येतो की दारातून?"

"खिडकीतून. खिडक्याच त्याच्या शेताकडे आहेत."

"मग खिडकीजवळच्या झाडांची पोरं जास्त बिघडली पाहिजेत," मामा म्हणाले. "चल, बघू."

४

पॉलीहाऊसच्या दाराशी खुंट्यांवर आम्ही कांबळी टांगली. बाप रे, काय थंडी! फाकोनं आम्हाला पांढरे कोट दिले. त्याला कामावरून काढलं होतं तरी तो तिथेच उभा होता. त्यानं मामांचा कोट मागून बांधून दिला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कंपनीकडे नमुना धाडला तेव्हाच न्याकालोनं आत उरलेल्या डब्यांतलं बी पेरून ठेवलं होतं. ती प्रत्येक मादीचं बी वेगळ्या डब्यात ठेवायची, त्यामुळे ट्रेही वेगळे होते. दाराजवळच्या मादीचा ट्रे, मधल्यांचे, खिडकीजवळच्यांचे. मी वाकून बघितलं आणि माझं अवसानच गळालं.

दाराजवळच्या मादीची जवळजवळ सगळी पोरं बोटांची. मधल्यांत थोडी. खिडकीजवळच्यांत एकही नाही, सगळी बदकं.

"उलटंच झालं की!" मी ओरडले. "वारा नाहीच मग. म्हणजे चोरीच. मामा, कशाला आणलंत मला इथे?"

"थांब गं. चोर कसा असतो? डबा बदलायचा तर अख्खा बदलेल. एकात खूप, दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात काहीच नाही, असं मीठ भुरभुरल्यासारखं कशाला करेल?" मामा ट्रेपाशी टेकले. "आणि हा बाजूचा ट्रे कसला?"

"डोंगरातलं साधं बी आहे," न्याकालो म्हणाली. "तुलनेसाठी मी नेहमी लावते. पोशोलींकडचंच."

"यांचे देठ हिरवे आहेत. तुझ्या बिघडलेल्या रोपांचे तांबडे."

"थंडीनं होतात तांबडे."

"यांना थंडी वाजत नाही?"

न्याकालो ट्रेवर वाकली. तिनं एका बोटांच्या रोपाचा देठ चिमटीत धरला, मग त्याच्या आईकडे, कुंडीत उभ्या असलेल्या वाळक्या मादीकडे बघितलं. मादीचं खोड खालपासून वरपर्यंत तांबडं होतं. "अगं आई गं," ती म्हणाली. "आजीच्या झाडांचं खोड तांबडंच असतं! मी इतकी बावचळले होते की मला दिसलंच नाही. न्ताते, ही रोपं माझ्याच मादीची आहेत. बी कुणी बदललेलं नाही."

"खाण तशी माती," मामा म्हणाले. "गाय आपली, बैल शेजारचा. असली वासरं मी खूप बघितली आहेत. मालक चोरीची तक्रार घेऊन यायचा, आणि मी सांगायचो, बाबा, चोरी नाही झाली, कुंपण मोडलंय."

मला हसावं की रडावं कळेना. चोरी झालीच नव्हती! पण मग कुंपण कुणी मोडलं? ते तर दाराकडून मोडलं होतं, आणि दार होतं फाकोचं. चोर नाही म्हणून सुटला, तर निष्काळजी म्हणून अडकला. करार मोडल्याबद्दल गावानं त्याला तसंही फाडून खाल्लं असतं.

मी मागे सरकले, कशावर तरी आपटले आणि वळून बघितलं.

"माझी खुर्ची!"

दाराजवळच्या मादीला खेटून माझी पाठीची खुर्ची उभी होती. कुणीतरी तिच्यावर रिकाम्या गोण्या टाकल्या होत्या. मी गोण्या भिरकावल्या.

"ही कधी आली?" न्याकालोही चकित झाली. "मला वाटलं सोसायटीचीच आहे. आम्ही तर उलट्या बादल्यांवर बसतो."

मामांनी गोण्यांखालच्या गवताच्या विणीत नख घातलं. नखाला पिवळं लागलं. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि एकदम थांबले. त्या खुर्चीला मागे एक खिळा आहे, सगळ्यांचे कपडे ओढतो, नवऱ्यानं ठोकायचा राहून गेला. खिळ्याला लोकरीचा एक धागा अडकला होता, गर्द निळा. मामांनी तो सोडवला आणि आपल्या विजारीच्या खिशात टाकला.

"फाकोला हाक मार," ते म्हणाले. त्यांचा आवाज पार बदलला होता.

५

फाको दारात उभा राहिला.

"बाळा, ही खुर्ची तू आणलीस?"

"हो, न्ताते."

"बहिणीला न विचारता?"

"ती मयताला गेली होती."

"कुणासाठी आणलीस?"

फाको खाली पडलेल्या गोण्या गोळा करायला लागला.

"कुणीतरी आलं होतं. बादलीवर बस म्हणता येणार नाही असं माणूस. बरोबर?"

फाको गोण्यांच्या घड्या घालत राहिला. मी त्याला गदागदा हलवलं. "बोल की रे मुडद्या! कोण होतं? पोशोली होता का? पैसे दिले का त्यानं? कुणाला पाठीशी घालतोयस?"

"आउसी, मला विचारू नकोस."

"न्याकालोसमोर शपथ घेतलीस ना, कांबळ्यानिशी कुणी आत गेलं नाही म्हणून?"

त्यानं न्याकालोकडे बघितलं आणि मान खाली घातली. "घेतली. तेव्हा सगळे डब्यांबद्दल विचारत होते. मला वाटलं, डबे तर मी उघडलेच नाहीत, मग बाकीचं कशाला सांगायचं. ती शपथ खोटी होती. मला दोषी धरा, मी जातो तुरुंगात."

आणि तो निघून गेला. न्याकालो मटकन बादलीवर बसली. मी तर खुर्चीवरच कोसळले. म्हणजे कबुली दिली की यानं! संपलं सगळं. "मामा, काय केलंत हे? वाचवायला बोलावलं तर कबुलीजबाब काढलात!"

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. "पाद्रीला हाकललं यानं," ते स्वतःशीच म्हणाले. "पोशोलीला हाकललं. मग हाकलता न येणारं माणूस गावात कोण?"

"कोण?"

"तू शनिवारी खोत्लात येशील ना? गरम कपडे आतून घालून ये. मीही घालणार आहे."

याचा अर्थ मला लागला नाही. दोन दिवस मी विचार करत राहिले. मला तर मामांचाही संशय यायला लागला. शुक्रवारी सकाळी ते मोरेनांना मुजरा करायला गेले आणि जोआलाची कळशीभर भेट घेऊन आले. पाण्यात राहून माशाशी वैर नको, म्हणून म्हाताऱ्यानं सौदा केला असेल, दुसरं काय?

६

शनिवारी आवारात बर्फ कडक झाला होता. अख्खं गाव कांबळी लपेटून बसलं होतं. पुरुषांची पिन खांद्यावर, बायकांची छातीवर. कितीही उन्हाळा असो, मोरेनासमोर आमच्यात कुणी उघड्या अंगानं, म्हणजे कांबळ्यावाचून, उभं राहत नाही. मेलेल्याला कांबळं, लग्नाला कांबळं, आणि मोरेनासमोर तर कांबळ्यावाचून आलेला माणूस एकतर वेडा किंवा बंडखोर.

मोरेना लेत्लात्सा मध्ये बसले. वयस्क, कमी बोलणारे, न्यायाला चोख. त्यांचं कांबळं गर्द निळं. फाको समोर उभा. पोशोली मागे हसत होता.

"न्ताते मोखेले," मोरेना म्हणाले, "तुम्ही तपास केलात असं ऐकतो. बोला."

मामा उठले. माझ्या हातावर भार देऊन उभे राहिले. सरळ पुढे गेले, आणि सगळ्यांच्या देखत खांद्यावरची पिन काढून त्यांनी कांबळं उतरवलं.

आवारातून एकदम श्वास ओढल्याचा आवाज झाला. एक म्हातारी "हे देवा!" म्हणाली. दोन पुरुष उठून धावले, एकानं स्वतःचं कांबळं मामांवर टाकायचा प्रयत्न केला. मी तोंडावर हात धरला. वेड लागलं! माझ्या भावाचा वकील भर खोत्लात वेडा झाला!

"हे काय आहे?" मोरेनांचा आवाज चढला.

"मोरेना, माफी असावी. मला गावाला एक गोष्ट दाखवायची होती, ती दिसली." मामा थंडीनं कुडकुडत होते, पण हटले नाहीत. "चोरी झालेली नाही. डब्यातलं बी न्याकालोच्याच माद्यांचं आहे, रोपांचे तांबडे देठ सांगतात. फक्त बाप परका आहे. नराची भुकटी दारातून आली, दाराजवळच्या मादीवर सर्वांत जास्त पडली. ती लोकरीत अडकून आली. कुणीतरी फुलांच्या दिवसांत, नरांनी भरलेल्या शेतातून पायी फिरून, त्याच दिवशी पॉलीहाऊस बघायला आलं. नुसतं बघायला, कौतुकानं. बसायला खुर्ची दिली गेली. त्या दिवशी न्याकालो मासेरूला होती आणि मालितबा मयताला. दारावर एकटा हा मुलगा."

मला अजून कळलेलं नव्हतं, खरंच सांगते.

"नियम होता, कांबळं काढून आत जायचं. यानं तो पाद्र्याला लावला, पोशोलीला लावला. त्या पाहुण्याला लावला नाही. का लावला नाही, हे मला वेगळं सांगावं लागणार नाही. आत्ता मी माझं उतरवलं तर तुमची छाती धडधडली. मग तुमच्यापैकी कोण उभं राहून त्या पाहुण्याला म्हणालं असतं, तुमचं उतरवा म्हणून? ज्यानं म्हटलं असतं त्यानं हात वर करावा, आणि या पोराला खुशाल तुरुंगात पाठवावं."

एकही हात वर झाला नाही. पोशोलीचं हसू मावळलं. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. बांध पायी फिरलं कोण? "खुर्चीत बसायला मी काय मोरेना आहे?" पोशोलीनं माझ्या तोंडावर सांगितलं होतं!

मोरेनांनी आपल्या कांबळ्याचा काठ हातात धरून बघितला. तिथे एक धागा ओढला गेला होता. मामांचा हात खिशात होता, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही.

"फाको," मोरेना म्हणाले. "तू का नाही बोललास?"

"मोरेना," फाको म्हणाला, "तुमचं नाव तुमच्याच खोत्लात कसं घेऊ?"

"तुरुंगात गेला असतास?"

"हो, मोरेना."

"मला त्या दिवशी थांबवायला हवं होतंस."

"जीभ वळली नाही, मोरेना. तीनदा तोंड उघडलं."

मोरेना उठले. त्यांनी खांद्यावरची मोठी पिन काढली. निळं कांबळं उतरवलं. आत साधा झिजलेला स्वेटर होता, कोपरावर ठिगळ असलेला. त्यांनी कांबळं फाकोच्या खांद्यावर घातलं आणि पिन स्वतः लावली. "चूक माझी आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "गावानं ऐकावं. हा मुलगा निर्दोष आहे."

आता मोरेनाच उघड्या अंगानं उभे, मग आम्ही काय करायचं? कुणालाच कळेना. कांबळं ठेवावं तर मोरेनापेक्षा आपण मोठे, काढावं तर अपमान. काही म्हाताऱ्यांनी काढली, काहींनी काढून पुन्हा घातली. पोशोलीनं अर्धी पिन काढली आणि तसाच अडकून बसला. आणि मी? मी सगळ्यांसमोर हमसाहमशी रडले, भावाच्या गळ्यात पडून, त्या निळ्या कांबळ्यासकट.

७

खिडकीजवळच्या माद्यांचं चोख बियाणं कंपनीनं घेतलं. बोटांची रोपं न्याकालोनं फेकली नाहीत. त्यांच्यात बदकपान दडलेलं आहे, आणि पोशोलीच्या झाडांचा काटकपणाही आलाय. त्यांचा आपसांत संकर केला की गारांनी न मोडणारं बदकपान मिळेल, असं ती म्हणते. गावानं त्या रोपांचं नाव ठेवलंय, मोरेनाची नातवंडं. मोरेनांच्या पाठीमागे, अर्थात.

फाको पुन्हा दारावर आहे. फेब्रुवारीत माद्या फुलल्या तेव्हा एका दुपारी मोरेना आले. मी जोआला पोचवायला गेले होते, म्हणून डोळ्यांनी बघितलं. त्यांच्या अंगावर नवीन कांबळं होतं. ते दारापाशी थांबले. फाको समोर उभा, नजर जमिनीवर. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी मनात म्हटलं, बोल रे बाळा, बोल.

"मोरेना," तो म्हणाला, "कांबळं."

मोरेनांनी त्याच्याकडे बघितलं. मग पिन काढली, कांबळं खुंटीवर टांगलं, आणि पांढऱ्या कोटासाठी हात पुढे केला. फाकोनं तो त्यांना मागून बांधून दिला आणि तेव्हाच त्याचे डोळे भरले.

माझी खुर्ची अजून आतच आहे, पुसून ठेवलेली. मी आता परत मागत नाही.